पहिल्या श्रेणीतल्या दोन खुर्च्या

"तिकिटांचं माझ्यावर सोडा, आप्पा. शेजारी-शेजारी दोन खुर्च्या आणल्या नाहीत, तर मला सूनबाई म्हणून हाक मारू नका," असं सूनबाई म्हणाली तेव्हा तिला स्वतःबद्दल तसूभरही शंका नव्हती. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासण्यात तिची वीस वर्षं गेली होती. अर्ध्या केसाचा फरक तिला बोटाला कळायचा. अशा बाईला दोन खुर्च्या शेजारी आहेत की नाहीत एवढं कळू नये?

पण मुळात खुर्च्यांसाठी पैज मारायची वेळ का आली, ते आधी सांगायला हवं.

गावचा फुटबॉल संघ एकतीस वर्षं दुसऱ्या श्रेणीत होता. जुन्या भाडेकरूसारखा. हलत नव्हता आणि कोणी हलवतही नव्हतं. दर शनिवारी दुपारी तीनला सामना. मैदानाच्या पूर्वेला सिमेंटच्या पायऱ्या, ना छप्पर ना नंबर. चौथ्या पायरीवर सासरे आणि सून, त्यांच्या मागच्या पायरीवर पोस्टमन, आणि पोस्टमनच्या मागे थेट आभाळ. पाहुण्या संघाचे लोक आले तर आठ-नऊ यायचे. ते बिचारे आपल्यातच बसायचे आणि आपल्याच थर्मासमधला चहा प्यायचे.

आता सासऱ्याबरोबर सामन्याला जाणारी सून तुम्ही पाहिली नसेल. सूनबाईनेही पाहिली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी आप्पांचा गुडघा बिघडला तेव्हा पायऱ्या चढायला कोणीतरी सोबत हवं म्हणून ती गेली. आप्पांचा मुलगा जाणार नव्हता. खेळ म्हणजे घाम यायचं एक अनावश्यक कारण, असं त्याचं मत. गुडघा पुढे बरा झाला, पण तोवर तिला एक शोध लागला होता. घरी पेपरामागून फक्त खोकणारे आप्पा मैदानावर बोलतात. भरभरून बोलतात. सासूबाई गेल्या, त्यानंतरचं पहिलं धड वाक्य ते बोलले ते कॉर्नर किक चालू असताना. आणि ज्या महिन्यात नवराबायकोत अबोला होता, त्या महिन्यात मध्यंतरात आप्पा समोर बघत म्हणाले होते, "तो लहानपणीही असाच घुम्या होता. तुझं काही चुकलेलं नाही."

घरी परतताना मात्र बोलणं बंद. चालताना आप्पांना दम लागायचा, आणि घराचा उंबरठा ओलांडला की ते पुन्हा सासरे व्हायचे. त्यामुळे तिच्या आठवड्यातलं जे काही बोलणं होतं, ते शनिवारी तीन ते पावणेपाच. नवरा मनाने वाईट नव्हता, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टचं बटण दाबत राहण्यासारखं होतं.

आप्पांनी पायऱ्यांवर एक रिवाजही पाडला होता. दोन गोलपर्यंत दुःख करायचं. तिसरा बसला की सामना आपला राहत नाही. मग उठून उभं राहायचं, रुमाल हलवायचा आणि समोरच्यांसाठी टाळ्या पिटायच्या, की वा, काय खेळता. "निदान दुपार तरी वाया जात नाही," आप्पा म्हणायचे. सगळा पूर्व भाग तसं करायचा. वर्षातून तीन-चार वेळा हात लाल व्हायचे, पण मन मोकळं व्हायचं.

आणि मग आक्रीत घडलं. संघ पहिल्या श्रेणीत गेला.

लोक रडले. पोस्टमनने ओळख नसलेल्या माणसाला मिठी मारली. आप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले. हा आनंद साधारण बसथांब्यापर्यंत टिकला. तिथे आप्पा म्हणाले, "मग आता पुढे काय?"

"आता मोठमोठे संघ येणार," पोस्टमन म्हणाला.

"येऊन काय करणार?"

"आपल्याला हरवणार."

"ते काय, छोटेही हरवायचे की."

"हे नीट हरवतील, आप्पा."

त्यांनी खरंच नीट हरवलं. पहिल्या सामन्यात चार, दुसऱ्यात पाच. पण हरण्याची सवय होती, त्याचं काही नाही. खरं दुखणं खुर्च्यांचं. मोसमाआधीच पायऱ्या पाडून मैदानाभोवती नऊ हजार निळ्या खुर्च्या बसवल्या, प्रत्येकीला नंबर. तिकिटं मोबाईलवर, आणि कोण कुठे बसणार ते मोबाईल ठरवणार. आप्पा 'बी' भागात, सूनबाई समोर 'डी' भागात, मध्ये अख्खं मैदान. पोस्टमन तर गोलच्या मागे, त्याला फक्त गोलकीपरची पाठ दिसायची. सामना कधी सोमवारी संध्याकाळी, कधी रविवारी भर उन्हात, टीव्हीवाल्यांना जमेल तेव्हा. कर्णे इतके मोठे की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला वाटावं, याला शिंक आली. वर क्लबने पत्रक काढलं: टीव्हीवर बरं दिसत नाही, तरी प्रेक्षकांनी तिसऱ्या गोलनंतर विरोधी संघासाठी टाळ्या वाजवू नयेत.

सहा सामने सूनबाई डी-मधून हात हलवायची आणि बी-मधले आप्पा तिला शोधत भलत्याच बाईला हात हलवायचे. सातव्याच्या आधी ते म्हणाले, "मी आता येत नाही. टीव्हीवर बघू घरी."

घरी. म्हणजे पेपर आणि खोकला. त्याच भरात सूनबाई ते सुरुवातीचं वाक्य बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका जाड भिंगाची कड घासताना तिने मोबाईल समोर उभा करून ठेवला होता. रांगेत तिचा नंबर अकरा हजार चारशे बारा. तीन तासांनी दार उघडलं. सगळीकडे सुट्या खुर्च्या. एक इथे, एक तिथे, दात पडलेल्या तोंडासारखं चित्र. आणि एका कोपऱ्यात, सात नंबरच्या दाराजवळ, जोड्याच जोड्या मोकळ्या. तिने डोळ्याचं पातं न लववता दोन घेतल्या.

त्या कोपऱ्यातच एवढ्या जोड्या मोकळ्या कशा, हे तिच्या मनात आलं नाही. कसं येणार? पाहुण्या संघाच्या लोकांना वेगळी जागा असते हे त्या गावात कोणाला ठाऊकच नव्हतं. पाहुणे आपल्याच पायरीवर बसतात आणि आपलाच चहा पितात, एवढंच एकतीस वर्षांचं ज्ञान.

सात नंबरच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर सगळं पिवळं. टोप्या, सदरे, झेंडे, गाल, सगळं. बाराशे माणसं, आणि त्यांत गळ्यात निळे मफलर घातलेले दोघं.

"सूनबाई," आप्पा हळूच म्हणाले, "आपण कुठे आलोत?"

"मफलर आत घाला आप्पा. आधी मफलर आत घाला."

त्यांनी स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली. तिने आपला मफलर पर्समध्ये कोंबला. परत जाऊ म्हणावं, तर मागून माणसं लोटत होती. बसले. आणि काय सांगू, खुर्च्या अगदी शेजारी होत्या. दांडीला दांडी लागून. पिवळ्या सदऱ्यांच्या आडोशाला, गाण्याच्या गोंगाटात, डोक्याला डोकं लावून दोघं बोलायला लागले. गुडघ्याचं झालं. दुकानाच्या नव्या मालकाचं झालं, तो काचेला काच म्हणत नाही, 'उत्पादन' म्हणतो. पहिला गोल बसला, दुसरा बसला, त्यांना पत्ताही नव्हता.

"तुमचा मुलगा काल आपणहून बोलला," सूनबाई म्हणाली.

"काय म्हणाला?"

"मीठ दे."

"सुधारतोय मग," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात तिसरा गोल बसला.

माणूस पत्रक विसरतो, पण सवय त्याला विसरत नाही. आप्पा ताडकन उभे राहिले. खिशातून रुमाल काढला. तो मूळचा पांढरा, पण धुऊन धुऊन पार पिवळट झालेला. तो त्यांनी डोक्यावर गरगर फिरवला, टाळ्या पिटल्या आणि ओरडले, "वा रे वाघांनो, काय खेळता."

सूनबाईने त्यांचा स्वेटर ओढला. उशीर झाला होता. आजूबाजूच्या पिवळ्यांना भरून आलं. पंच्याहत्तरीचा म्हातारा एवढ्या लांबून आपल्या संघासाठी आलाय! चौघांनी त्यांना उचलून खांद्यावर घेतलं. कोणीतरी डोक्यावर पिवळी टोपी बसवली. टीव्हीचा कॅमेरा तिकडे वळला आणि मैदानावरच्या भल्यामोठ्या पडद्यावर आप्पा झळकले, बारा फूट उंच, रुमालासकट. खाली अक्षरं: 'पाहुण्यांचे सर्वांत निष्ठावान आजोबा.' शेजारी पर्समध्ये तोंड लपवणारी बाई: 'आनंदाश्रू आवरेनात.'

समोरच्या आठ हजार निळ्यांमध्ये स्मशानशांतता पसरली. गोलमागच्या खुर्चीतून फक्त एक आवाज आला, पोस्टमनचा: "आप्पा?"

सूनबाईचा फोन वाजला. नवरा. जन्मात पहिल्यांदा त्याने सामना लावला होता. "आप्पा कोणाच्या खांद्यावर बसलेत?"

"घरी आल्यावर सांगते."

"बरं. मीठ संपलंय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढचे आठ दिवस विचारू नका. न्हाव्याने आप्पांना सांगितलं, कात्री धार लावायला टाकलीय. वाण्याने मान फिरवली. पोस्टमन तर पत्रं दाराखालून सरकवून, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून पळायचा. आणि नवव्या दिवशी त्यालाच बेल वाजवावी लागली, कारण पार्सलवर सही हवी होती. पार्सल पिवळं. आत पिवळा सदरा, पाठीवर 'आजोबा', आणि चारशे किलोमीटरवरच्या त्यांच्या मैदानाचे दोन पास.

"बक्षीस आलंय तुमचं," पोस्टमन भिंतीकडे बघत म्हणाला. "सही करा."

सूनबाईने पास हातात घेतले आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "शेजारी-शेजारी आहेत हो."

मग तिला राहवलं नाही. तिने उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. रांग, कोपरा, जोड्या, मफलर.

"म्हणजे ती तिसऱ्या गोलची टाळी होती?" पोस्टमन म्हणाला.

"मग दुसरी कसली?" पेपरामागून आप्पा.

"अहो मग आधी सांगायचं ना. मी आठ दिवस जेवलो नाही धड." तो दारातल्या स्टुलावर बसला, पिशवी मांडीवर घेऊन. "खरं सांगू? माझ्या शेजारी एक पोरगी बसते. सामना चालू असताना फोनवर तोच सामना बघते. मी परवा पंचाला शिवी दिली, तर ती म्हणाली, काका, प्लीज. एकतीस वर्षांत मला कोणी प्लीज म्हणालं नव्हतं."

"वर जायचं म्हणून आपण नवससायास केले," आप्पा म्हणाले.

"आपणच केले."



पोस्टमनने घरोघर पत्रांबरोबर खुलासा वाटला आणि गावाने आप्पांना माफ केलं. आप्पा पुन्हा बी-मध्ये जाऊ लागले, सूनबाई डी-मध्ये. वर्ष असंच रेटलं. शेवटच्या सामन्यापर्यंत हिशेब असा आला की जिंकलो तर पहिल्या श्रेणीत राहू, बरोबरी झाली तरी खाली. आणि खाली गेलो तर टीव्ही जाणार, नंबर जाणार, जिथे हवं तिथे बसा.

गावात कोणी उघड काही बोललं नाही. पण न्हावी दाढी करता करता म्हणायचा, "बरोबरी काही वाईट नसते." वाणी म्हणायचा, "अहो, खेळात शेवटी बरोबरीलाही मान आहे."

शेवटच्या दिवशी नऊ हजार माणसं हाताची घडी घालून बसली होती. एकोणनव्वद मिनिटं शून्य-शून्य. पोरं जीव तोडून खेळत होती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सूनबाईने डी-मधून बी-कडे बघितलं. आप्पांनी या वेळी तिला बरोबर ओळखलं आणि एक बोट वर केलं. एक मिनिट राहिलं.

त्या मिनिटात समोरच्या संघाच्या बचाववाल्याने चेंडू लांब भिरकावला. तो आमच्या फॉरवर्डच्या पाठीत बसला. हा पोरगा वर्षभरात एकदाही गोल करू शकला नव्हता, आणि त्या क्षणी तर वाकून बुटाची नाडी बांधत होता. चेंडू पाठीवरून उडाला आणि जाळ्यात जाऊन पडला.

क्षणभर कोणालाच काही सुचेना. मग तरुण पोरं भानावर आली आणि कठडे ओलांडून मैदानात धावली. त्यांच्यामागे त्यांचे आईबाप, त्यांना आवरायला. बघता बघता खुर्च्या ओस पडल्या. सूनबाई गोलला वळसा घालून बी-मध्ये गेली. वाटेत पोस्टमन दिसला, तो फॉरवर्डच्या आईचं सांत्वन केल्यासारखं अभिनंदन करत होता.

आप्पा एकटेच बसले होते. ती शेजारच्या खुर्चीत बसली. खाली गुलाल उधळल्यासारखे निळे कागद उडत होते.

एक टीव्हीवाला माईक घेऊन धावत आला. "आजोबा, पुढचं वर्षही पहिल्या श्रेणीत! कसं वाटतंय?"

आप्पांनी जरा विचार केला. "वय झालं हो आता," ते म्हणाले. "एवढं यश सोसवत नाही."

त्याने गहिवरून त्यांचा खांदा थोपटला आणि तो पुढे गेला. आप्पांनी पाय लांब केले, हुश्श केलं आणि सूनबाईकडे वळले.

"बरं, बाकी काय?"

ती सांगायला तोंड उघडणार, तोच छातीवर क्लबचा पट्टा लावलेला एक माणूस समोर येऊन उभा राहिला. त्याने तिचं तिकीट मागितलं, नीट वाचलं, मागेपुढे पसरलेल्या रिकाम्या खुर्च्यांवर एकदा नजर फिरवली आणि अदबीने म्हणाला,

"बाई, तुमची खुर्ची डी-मध्ये आहे. इथे बसता येणार नाही."