तातोबाची चिठ्ठी

तातोबाची सही मला हुबेहूब करता येते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. आता पन्नाशी उलटली, दुकान बंद करूनही बरीच वर्षं झाली, म्हणून सांगतो. पण आधी तातोबा सांगायला हवा, त्याशिवाय त्या सहीचं मोल कळायचं नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास राजारामपुरीतल्या एका बोळात माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं. मी गल्ल्यावर, तातोबा आतल्या टेबलावर. त्या टेबलावर पेचकस, मीटर, सोल्डरिंगची कांडी आणि या सगळ्यांच्या मधोमध पितळी पारड्यांचा एक तराजू. तातोबा मूळचा हुपरीचा. घरात चांदीचं काम. त्या तराजूत त्याचे वडील पैंजण तोलायचे. तातोबा कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय तोलायचा.

नवीन गिऱ्हाईक हे बघून थबकायचंच.

"काय वो, मंडई हाय काय?"

"पावणं, बसा. आधी बघा, मग हसा."

पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातली ती लोखंडी पेटी. भिंतीतली वीज घ्यायची आणि आतल्या सगळ्यांना वाढायची, एवढंच तिचं काम. चांगल्या पेटीत तांब्याची वेटोळी असतात, ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असतात, त्यामुळे ती जड लागते. स्वस्तातल्या पेटीत निम्मा माल घातलेलाच नसतो. बाहेरच्या कागदावर मात्र वाटेल तो आकडा.

"पाचशे वॅट लिवलंय म्हणं," तातोबा ती पेटी पारड्यात ठेवत म्हणायचा. "मीबी कपाळावर पैलवान लिवतो. कोण कुस्ती धरतंय का बघू."

एकदा एक पेटी वजनाला बरोबर भरली. तरी याचा जीव राहीना. उघडली, तर आत लोखंडाचा एक ठोकळा स्क्रूनं आवळून बसवलेला, नुसता वजनाला. पुढं महिनाभर दुकानात येईल त्याच्या हातात तातोबानं तो ठोकळा दिला. पोस्टमन, चहावाला, वर्गणी मागायला आलेलं तालमीचं मंडळ, कुणी सुटलं नाही.

माणसंही तो त्याच मापानं मोजायचा. माझ्या मेव्हण्याला पहिल्यांदा भेटला आणि तो गेल्यावर म्हणाला, "लेबल पाचशेचं हाय, माल दोनशेचा." मी गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष व्हायचं मनात आणलं, तेव्हा त्यानं मान वर न करता विचारलं, "मालक, तुझा सप्लाय केवढा, लोड केवढा?" मी फॉर्म भरला नाही. मला तो मालक म्हणायचा आणि अरेतुरे करायचा. मीही त्याला अरेतुरेच करायचो.

त्याचा खरा छळ सोसला तो गेमची कार्डं घ्यायला येणाऱ्यांनी. गेममधली चित्रं पडद्यावर सरसर हलायची तर कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागायचं, आणि ते कार्ड वीज भरपूर खायचं. कॉलेजची पोरं मासिकातलं पान फाडून आणायची. "हे पायजे."

"सप्लाय कसला हाय घरात?"

"हाय की कसलातरी."

"कसलातरी म्हंजे? सोयरीक जमवाय निघालायस आन् पोरगी कुणाची म्हाईत न्हाय. घरला जा. डबा उघड. बारा व्होल्टच्या ओळीत किती अँपियर लिवल्यात ते बघ, निम्मं धर, आन् मग ये."

पोरं समोरच्या दुकानात जायची. मी चडफडायचो. तातोबा म्हणायचा, "जाऊ दे की. जळल्यालं घिऊन हितंच येतंय." पंधरा दिवसांनी ते यायचंही.

त्यानं जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या आत, झाकणाला चिकटवलेली एक चिठ्ठी असायची. प्रोसेसर इतके वॅट, कार्ड इतके, पंखे इतके, बेरीज. पॉवर सप्लायचं वजन. खाली सही. मी एकदा म्हटलं, आत कोण वाचतंय? तो म्हणाला, "उद्या जो उघडंल त्यानं वाचायची. झाकणाआड लिवल्यालं खोटं नसावं." कोल्हापुरातले बाकीचे दुकानदारसुद्धा दुरुस्तीला आलेला डबा उघडून ती सही दिसली, की पॉवर सप्लाय तपासायच्या भानगडीत पडत नसत.

एका उन्हाळी सुट्टीत चंदगडहून गावडे मास्तर आले. हायस्कूलला गणित शिकवायचे, एकटे भाड्याच्या खोलीत राहायचे. एसटीनं, मांडीवर पोत्यात गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन आलेले.

"भाच्यासाठी जरा चांगलं कार्ड हवं होतं. गाड्यांच्या शर्यतीचा गेम आहे."

तातोबानं त्यांच्या बोटांकडं बघितलं. "भाच्याच्या बोटाला खडू लागलाय, मास्तर."

मास्तर लाजले, मग हसले. चंदगडात पावसाळ्यात चार-चार महिने बाहेर पडायची सोय नसते, आणि संध्याकाळी खोलीत कुणी बोलायला नसतं, असं म्हणाले. मग दोघं तास-दीड तास कागदावर बेरजा करत बसले. गणिताचा मास्तर आणि वॅटचा मास्तर. शेवटी ठरलं: मोठं कार्ड हवं तर त्याच्यासोबत जड पॉवर सप्लायच हवा, नाहीतर काहीच नको. तोवर मास्तरांनी पैसे साठवायचे.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला दुकानाच्या फोनवर मास्तरांचा फोन यायचा. रविवारी दुकान बंद असायचं. तातोबा तेवढ्यासाठी उघडायचा. कुठली शर्यत कुठवर आली, तिकडं व्होल्टेज किती आहे, पाऊस किती आहे. तातोबा म्हणजे लग्न न केलेला, खानावळीत जेवणारा माणूस. त्या फोनखेरीज त्याला दुसऱ्या कुणाचा फोन आल्याचं मला आठवत नाही.

सप्टेंबरात मास्तर अचानक दुकानात आले. पैसे जमले होते. तातोबा चुलत्याच्या दिवसकार्याला हुपरीला गेलेला. कार्ड होतं, पण जड पॉवर सप्लाय संपलेला, सोमवारी यायचा होता. सोमवारी या, एवढं म्हटलं असतं तर मास्तर आले असते. मी म्हटलं नाही. मला वाटलं, हे समोरच्या दुकानात जातील. कपाटातून हलकी पेटी काढली, कार्ड बसवलं. तराजू हाताशी होता. मी तोलली नाही.

"तातोबांनी तपासलंय ना?" मास्तरांनी विचारलं.

"व्हय, जायच्या आधीच," मी म्हणालो. आणि ते आतल्या फळीवर डबा बांधायला दोरी शोधत होते तेवढ्यात चिठ्ठी लिहिली. वजन एक किलो साडेसहाशे. बेरीज बरोबर. खाली सही. झाकण उघडून त्यांना दाखवलीसुद्धा. मास्तर समाधानानं एसटीला गेले.

तातोबाला मी सांगितलं, तू सांगितलेलीच पेटी दिली. महिनाभरानं मास्तर तो कॉम्प्युटर परत घेऊन आले. खोलीत धूर झाला होता. पेटी जळाली होती, आणि जाता जाता मदरबोर्ड अन् हार्डडिस्क घेऊन गेली होती. त्या डिस्कवर सहामाहीचे सगळ्या वर्गांचे मार्क होते. शाळेचं काम गेमच्या कॉम्प्युटरवर करता काय, म्हणून हेडमास्तरांनी चारचौघांत सुनावलं होतं. मास्तर ओरडले नाहीत. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत हळू आवाजात म्हणाले, "तातोबा, तुमच्या चिठ्ठीवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला."

तातोबानं झाकण काढलं. चिठ्ठी वाचली. पेटी सोडवून नुसती तळहातावर धरली. त्या हाताला तराजू लागत नव्हता. मग एकदाच माझ्याकडं बघितलं. मी गल्ल्याशी उभा होतो, हातात कुणाचा तरी माऊस होता, त्याची वायर गुंडाळत होतो.

"चुकलं माझं, मास्तर," तातोबा म्हणाला. "त्यो सप्लाय मीच तपासल्याला हाय."

मी वायर गुंडाळत राहिलो.

नवीन भाग आमच्याकडूनच घालून दिले, तातोबानं चांगला जड पॉवर सप्लाय स्वतः बसवला. मास्तरांनी नमस्कार केला आणि गेले. दुकान रिकामं झाल्यावर तातोबा टेबल पुसत म्हणाला, "दुकान तुझं हाय. घरात दोन पोरं हायत. माझ्यामागं कोण हाय? पर हे परत करू नगंस."

मी "बरं" म्हणालो. माफ कर, असंही म्हणालो नाही. बरं म्हणालो.

गोष्ट बोळाबोळांतून फिरली. तातोबाची सही असलेले डबेही लोक उघडून तपासायला लागले. एक पोरगं तर त्याच्या तोंडावर म्हणालं, "काका, काटा चुकलाय काय तुमचा?" पूर्वीचा तातोबा असता तर त्याला उभा सोलला असता. यानं पेटी पुन्हा तोलून दाखवली. मग मागितलं नसताना तिसऱ्यांदा तोलली.

रविवारी दहाचा फोन बंद झाला. एका रविवारी घरची एक पावती राहिली म्हणून मी दुकानात गेलो, तर शटर अर्धं वर. तातोबा फोनशेजारच्या स्टुलावर बसलेला. पुढ्यात जुन्या पेट्यांचे चार भाग मांडून ठेवलेले, पेचकस मात्र खिशात.

"आज काय काढलंस?" मी विचारलं.

"हाय जरा काम."

नंतर कळलं, शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं. तो प्रत्येक रविवारी यायचा. दहा ते अकरा बसायचा आणि शटर ओढून जायचा. वर्षभर.

पुढं तो हुपरीला गेला तो गेलाच. पुतण्यांच्या कारखान्यात पैंजणांना घुंगरू जोडतो. परवा तिकडं लग्नाला गेलतो, तेव्हा घरी जाऊन भेटलो. डोळ्यांवर जाड चष्मा आलाय. बरंच बोलला, माझ्या पोरांची चौकशी केली, मेव्हण्याचीही केली. निघताना दारापर्यंत आला आणि चप्पल शोधायला वाकलेल्या मला विचारलं, "मास्तरांचा फोन आलता काय रं कधी, नंतर?"

मी नाही म्हणालो. हे तरी खरं होतं.

गावडे मास्तर निवृत्त होऊन चंदगडातच राहतात. त्यांचा नंबर मी मिळवला आहे, सहा महिने झाले. मी त्यांचं एक देणं लागतो, एका फोनचं. त्यांना एवढंच सांगायचं आहे, की ती पेटी मी न तोलता दिली, ती चिठ्ठी मी लिहिली, आणि तातोबाला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो फोन मी अजून केलेला नाही.