लेकुरवाळा दत्ता

कुणी जांभई दिली की दत्ता खरात त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "ही अंगाची का मनाची?" म्हणजे झोप कमी पडली म्हणून आली, का समोरचं भाषण कंटाळवाणं आहे म्हणून आली? उत्तर मिळेपर्यंत हलायचा नाही. एकदा स्नेहसंमेलनात खुद्द प्राचार्यांनी जांभई दिली आणि दत्ता खुर्चीतून उठायला लागला. मी शर्ट धरून त्याला खाली ओढलं, नाहीतर आमचं दोघांचं शिक्षण तिथंच आटोपलं असतं.

आम्ही जालन्याला बी.एस्सी. करत होतो. नव्या नियमानं मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा कुठलाही विषय घेता यायला लागला होता. जीवशास्त्रासोबत मानसशास्त्र घेणारे सगळ्या वर्गात दोनच शहाणे निघाले. एक मी, बदनापूरहून रोज रेल्वेनं येणारी, आणि दुसरा हा धावड्याचा दत्ता. घरी सांगितलं तर अप्पा म्हणाले, "बेडूक बी शिकणार आन् माणसाचं डोकं बी? शीतल, दोन डगरींवर पाय ठेवला की माणूस मधीच पडतं. फर्स्ट क्लास आला तर पुढं शिक. न्हाई आला तर मंग मी म्हणीन ते ऐकायचं." अप्पा काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. त्या स्थळाचा फोटोसुद्धा घरात येऊन पडला होता.

दत्ताला असली काही धास्ती नव्हती. तो म्हणायचा, "माणूस काय दोन डब्यात भरून ठेवलाय व्हय? परीक्षेच्या दिवशी तुझं पोट बिघडतं का न्हाई? मंग ते पोट कोणत्या पुस्तकात बसवशीन?" माझं पोट खरंच बिघडायचं, त्यामुळे मला वाद घालता यायचा नाही.

शेवटच्या सत्रात आम्हा दोघांना मिळून एक प्रकल्प करायचा होता आणि त्याचे गुण भरपूर होते. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर जी हलती वस्तू आधी बघतं, तिलाच आई समजून मागं चालायला लागतं. हे अंगाचंही आणि मनाचंही, म्हणजे आमच्यासाठीच बनलेलं. बेत असा होता की पिल्लांपुढं दोरीला बांधलेला लाल चेंडू हलवायचा, पिल्लं त्याच्या मागं जातात का बघायचं, आणि मग चेंडू लपवून ती किती ओरडतात ते मोजायचं.

दत्तानं थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात अंडी ठेवली. लाइट गेली की हा बाबा स्वतःचा स्वेटर काढून अंड्यांवर घालायचा आणि वर गप्पा मारायचा. "काय मंडळी, बराबर हाय ना सगळं? घाबरायचं बिलकुल न्हाई." मी शंभरदा बजावलं, दत्ता, त्यांना तुझा आवाज कळतो, प्रयोग बिघडेल. पण पालथ्या घड्यावर पाणी!

आणि तेच झालं. अंडी फुटायला लागली त्या सकाळी मी चेंडू घेऊन पोचले, तर दत्ता खोक्यात तोंड घालून म्हणतोय, "आले का माय माझे!" मी चेंडू हलवला, नाचवला, हात दुखेस्तोवर झुलवला. पिल्लांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. अंग वाळून पाय धरताच सगळी दत्ताच्या चपलेमागं रांगेत उभी.

मग काय विचारता! दत्ता ग्रंथालयात तर पिल्लं ग्रंथालयात. दत्ता कँटीनला तर पिल्लं टेबलाखाली. पायाखाली येतील म्हणून तो नव्या नवरीसारखा जपून पावलं टाकायला लागला. मुली त्याला लेकुरवाळा म्हणायच्या. त्याला राग यायच्याऐवजी तो पिल्लांनाच सांगायचा, "बघा रे, मावशा हाका मारून राह्यल्यात."

मानसशास्त्राच्या पठाण मॅडम खूप हसल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे, चेंडू राहू दे. आता दत्ताच तुमचा चेंडू." म्हणजे आता दत्तानं पडद्याआड लपायचं आणि मी पिल्लांचं ओरडणं मोजायचं. पाच मिनिटांचं काम. मला वाटलं, सुटलो.

कसलं काय! दत्ता पडद्यामागं गेला, पिल्लांनी चिव चिव सुरू केली, मी मोजायला लागले, आणि हा गडी धावत बाहेर. "अगं, ते हाका मारून राह्यलेत!" पुन्हा केलं, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला खिडकीशी बसवून दम दिला. "अरे, आईच पळत आली तर प्रयोग कसला? तुझ्या मायेपायी माझं लग्न लागायची पाळी आलीय!" तो खाली मान घालून म्हणाला, "मला कळतंय गं. पण पाय थांबत न्हाईत." मला रडूच फुटलं. मी तशीच पठाण मॅडमकडं गेले.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "पिल्लांचं मोजता येत नसेल तर आईचं मोजा. नाडी धरता येते ना? एक विषय तर त्याचाच आहे तुमचा."

मग मीही पडद्याआड गेले. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातानं दत्ताचं मनगट घट्ट धरलेलं, म्हणजे पळायचीही सोय नाही. बाहेर पहिली चिव झाली आणि माझ्या बोटांखाली त्याची नाडी अशी उसळली की मीच दचकले. चेहरा घामानं डबडबला. जेमतेम मिनिटभर टिकला आणि हात सोडवून गेला. पण आम्ही ते रोज केलं, आणि रोज नाडी तशीच उसळली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी अहवाल चाळला. "पिल्लं ओरडली किती, ते कुठंय?" मी दत्ताकडं बघितलं. दत्ता म्हणाला, "मॅडम, ते जमलं न्हाई. हाक आल्यावर मी गेल्तो." बाईंनी चष्मा काढला, नाडीच्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि म्हणाल्या, "पिल्लं आईला चिकटतात, हे मी दरवर्षी वाचते. दुसऱ्या बाजूचं कुणी मोजून आणलं नव्हतं."

मला फर्स्ट क्लास मिळाला. अप्पांनी स्वतः फोटो परत पाठवला. आज मी शाळेतल्या मुलांची समुपदेशक आहे, आणि माझ्या पगाराच्या पहिल्या पेढ्यावर दत्ताचं नाव होतं. त्याचे उपकार मी मानते, उघड मानते, आणि तो ऐकून घेत नाही हा भाग वेगळा.

तोंडी परीक्षा झाली त्या दुपारी तो मला स्टेशनपर्यंत सोडायला आला होता. गाडीला वेळ होता. मी चेष्टेत म्हटलं, "लेकुरवाळ्या, एवढी कसली रे माया?"

तो नेहमीसारखा हसला नाही. "माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. मला काकूपाशी ठेवून. ट्रक निघाला की मी मागं पळायचो, आईऽ आईऽ करत. आई कधीच वळून बघायची न्हाई. मला वाटायचं, हिला काही वाटतच न्हाई. मोठा झालो तरी मी तिच्याशी धड बोलत नव्हतो."

गाडीची घोषणा झाली. मी उठले नाही.

"ती वळली असती ना शीतल, तर गेलीच नसती. माझ्याच्यानं पडद्यामागं पाच मिनिटं निघाली न्हाईत. तिनं सगळे हंगाम काढले."