मोठ्याने वाचणारे पिसाळ

बाबूराव पिसाळ साबण विकत घेण्याआधी तो मोठ्याने वाचायचे.

साबणच कशाला, चहापत्ती, मीठ, बिस्किटं, टूथपेस्ट, केसांचं तेल, ज्याच्यावर म्हणून अक्षरं छापलेली आहेत ते सगळं. आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या तळमजल्यावर मावजीभाईंचं किराणा दुकान होतं. पिसाळ तिथे काउंटरला टेकून उभे राहत, सदऱ्याच्या खिशातून एक गोल भिंग काढत, पुडा उलटा करत आणि एकेका अक्षराखाली बोट सरकवत खणखणीत आवाजात वाचत. इंग्रजी असलं तर तिथल्या तिथे मराठी करून. शेजारी त्यांची बायको हातात कापडी पिशवी धरून त्या भिंगात डोकावत उभी. मागे आम्ही पाच-सहा जण ताटकळत.

"मैदा. साखर. पामतेल. आन ही बगा, पुन्हा साखर. नाव बदलून आलीय, वळखू येऊ नये म्हणून."

"पिसाळभाई," मावजीभाई म्हणायचे, "हे दुकान छे. लायब्ररी नाय."

"मग एवढं छापून ठेवलंय ते कुणासाठी वो? पुढची बाजू इकणाऱ्याची. मागची आपली."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जिन्यात भेटले तरी आपल्या पिशवीकडे बघून विचारणार, "मागची बाजू वाचली का?" त्यामुळे आम्ही पिसाळ दिसले की पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचो.

मूळचे साताऱ्याकडचे. रबाळ्याच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. "पुडा कसा फुगतो ते मला इचारा, जन्म गेला पुडं भरन्यात," असं म्हणत. बिस्किटाचा नवा मोठा पुडा बाजारात आला की आधी वजन वाचायचे आणि जाहीर करायचे, "दोन बिस्किटं कमी, हवा जास्त." नव्वदच्या दशकातले ते दिवस होते. टीव्हीवर रोज नवी जाहिरात, आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या घरात नवी बाटली. मुलांची उंची वाढवणाऱ्या पावडरी होत्या, आठवड्यात गोरं करणारी क्रीमं होती. आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीच्या हातात तसलं क्रीम पाहून पिसाळ तिला म्हणाले होते, "बाय, हे लावून कोनी गोरं झालं असतं, तर ज्यानं काढलं त्याची बायको आधी झाली असती." ती मुलगी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. क्रीम मात्र पुन्हा आणलं नाही.

तेल चोळून चकचकीत केलेली तूरडाळ म्हणजे त्यांच्या भाषेत पैलवान डाळ. "अंगाला तेल लावून आलीय, कुस्तीला घ्यायची का आमटीला?" साबणाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत 'बाथिंग बार' असं असलं की म्हणत, "ह्यो साबन न्हाई, साबनाचा चुलतभाऊ हाय." टूथपेस्ट ब्रशभर घ्यायची नाही, वाटाण्याएवढी. शॅम्पूच्या रंगाचे पैसे द्यायचे नाहीत. मुलांच्या दुधात पावडर कालवायची कशाला, शेंगदाणे आणि गूळ आहेत की.

आम्ही हसायचो. आणि गुपचूप ऐकायचोही. माझं ब्लडप्रेशर वर गेलं तेव्हा डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, पण मीठ आमटीपेक्षा पापडात, लोणच्यात आणि फरसाणात जास्त असतं हे मला पिसाळांनी दुकानात उभं करून वाचून दाखवलं. माझी बायको शाळेत शिक्षिका. ती म्हणायची, "तुम्ही त्यांची चेष्टा करता, पण आपलं अर्धं स्वयंपाकघर त्यांनीच बदललंय." ते खरं होतं. आज ऐंशी ओलांडली, त्यात त्या माणसाचा थोडा वाटा आहे. म्हणून हे लिहिणं मला आणखी जड जातंय.

रविवारी सकाळी ते आम्हाला तुर्भ्याच्या बाजारात न्यायचे. चार घरांनी मिळून भाजी आणायची, मोसमातली, आणि जिन्यात वर्तमानपत्रं पसरून वाटून घ्यायची. एका रविवारी आम्ही बसथांब्यावर उभे होतो. पिसाळवहिनीही होत्या. पार वळणावर बस दिसली, आम्हाला नुसता लाल ठिपका, आणि पिसाळ म्हणाले, "आपली न्हाई, पनवेलची हाय."

मी म्हटलं, "पिसाळ, एवढ्या लांबची पाटी दिसते, आणि हातातला साबण भिंगाशिवाय दिसत नाही?"

सगळे हसले. पिसाळही हसले. "पाटी बिचारी सरळ आसती, सेक्रेटरी. साबनावरची अक्षरं लपून बसत्यात."

वहिनी पायाकडे बघत होत्या. हे मला दिसलं होतं. अर्थ लावायची गरज वाटली नाही.

हो, मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. आणि नकलाकारही. गणपतीत आमच्याकडे करमणुकीचा कार्यक्रम असे, त्यात माझ्या नकला ठरलेल्या. त्या वर्षी मी पिसाळांची केली. सदऱ्याच्या खिशातून जाळीची चहाची गाळणी काढली, ती भिंगासारखी डोळ्याला लावली आणि मोदकाची मागची बाजू वाचली. "गूळ. खोबरं. आन ही बगा, हवा." मांडव हसून लोळला. सगळ्यात जास्त हसले पिसाळ. पुढच्या खुर्चीवर बसून मांडीवर थापा मारत होते.

मी तिथे थांबायला हवं होतं.

पण टाळ्या चढतात. मी माईकवर म्हटलं, "इतकी वर्षं आपण पिसाळांना ऐकतोय. आज त्यांच्या शिष्येला ऐकू या. वहिनी, या वर."

पिसाळांचं हसू गेलं. "नगं सेक्रेटरी, तिला सवय न्हाई," ते उठून म्हणाले. बायकांनी वहिनींना हाताला धरून पुढे ढकललं. "जा हो, लाजता काय?" लाजण्याचं कारणच नव्हतं. महिला मंडळाच्या पहिल्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी आपापलं शिक्षण सांगितलं होतं, कुणी बी.ए., कुणी बी.एड., आणि पिसाळवहिनी म्हणाल्या होत्या, "माझी सातवी झालीय." सातवी झालेल्या बाईला एक डबा वाचायला काय अडचण.

मी नकलेसाठी आणलेल्या सामानातला एक गोल डबा त्यांच्या हातात दिला. त्याच्यावर एक हसणारी बाई होती. वहिनींनी तो उलटा केला, नवऱ्यासारखंच बोट ठेवलं, आणि एका दमात म्हणाल्या, "शंखजिरं. सुगंध. बाकी काय न्हाई. तोंडाला लावायची माती हाय, डब्याचं पैसं घेत्यात."

पिसाळ पावडरच्या डब्याबद्दल हेच म्हणत. शब्द न् शब्द हाच. मांडवात टाळ्या पडल्या.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांचं बोट मला दिसत होतं. ते अक्षरांवर नव्हतं. अक्षरं खाली होती, आणि बोट वरच्या कोऱ्या पट्टीवरून फिरत होतं. त्या क्षणी मला सगळं कळलं. भिंग कशासाठी, मोठ्याने वाचणं कुणासाठी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कुणाला वाटेल, सेक्रेटरीला तेव्हा कुठे ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. एका क्षणापुरतं का होईना, पण पुढचं वाक्य बोलायच्या आधी ठाऊक होतं.

आणि तरी मी बोललो, कारण ते वाक्य जिभेवर तयार होतं आणि त्याला हशा येणार हे मला माहीत होतं.

"अहो वहिनी, हे दंतमंजन आहे."

हशा आला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा.

वहिनी डबा तसाच धरून उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "चष्मा घरी ऱ्हायला."

त्यांना चष्मा कधीच नव्हता. पिसाळ तोवर स्टेजवर आले होते. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, बायकोचा दंड धरला आणि माईकजवळ वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माजीच चूक. चष्मा मला आनायला सांगितला व्हता, मीच इसरलो." लोक पुन्हा हसले, विसरभोळ्या नवऱ्याला.

त्यानंतर पिसाळ दुकानात एकटे येऊ लागले. वस्तूचं नाव सांगायचे, घ्यायचे, निघायचे. भिंग नाही, वाचन नाही. मावजीभाई एकदा मला म्हणाले, "सेक्रेटरी, लायब्ररी बंद थई गई." रविवारचा तुर्भ्याचा बाजारही बंद पडला. पुढच्या होळीच्या आत ते घर विकून कामोठ्याला गेले. तेव्हा तिथे अर्ध्या इमारती बांधायच्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्यांत पाणी यायचं होतं. नेरूळचं घर सोडून तिथे कोण जातं, असं लोक विचारू लागले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, पाण्याच्या टाकीवरून भांडून गेले. मीटिंगमध्ये मी ते ऐकलं. खोडलं नाही. सोयीचं होतं.

वर्षभराने एका कागदावर त्यांची सही हवी होती. टपालानेही चाललं असतं. मी स्वतः गेलो, माफी मागायची म्हणून. वाटेत दहा वेळा वाक्य जुळवलं.

दार वहिनींनी उघडलं. डोळ्यांवर चष्मा होता.

"या भावजी," त्या म्हणाल्या. "चष्मा केला बगा मी. त्या दिशी लई फजिती झाली माजी." आणि हसल्या. बशीत गूळ-शेंगदाणे आणून ठेवले, चहा टाकला, माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी केली. माझं जुळवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. "वहिनी, त्या दिवशी मी..."

"चला सेक्रेटरी, तुमाला रिक्षापर्यंत सोडतो," पिसाळ उठून म्हणाले. चहा अर्धा राहिला होता.

खाली रस्ता झालेला नव्हता. खडीवरून चालताना त्यांनी एकदा मागे वळून गॅलरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "साधी काच हाय ती. लंबर न्हाई."

मी मान खाली घातली.

"पोरगं आमचं फौजेत. त्याची पत्रं मी वाचून दावायचो. तर ही म्हनली, मला एकलीला वाचायची हायती. आईला लिवल्यालं बापाच्या तोंडून नगं. पन्नाशीला आलेली बाई. वही घिऊन बसायची लाज वाटायची, कुनी दारात आलं तर? मग म्हटलं, दुकानात शिकू. मिठाच्या पुड्यावर 'मी' हे अक्षर दावलं, चहाच्या पुड्यावर 'हा'. साबनावर बारीक अक्षरं, म्हनून भिंग. पुडं वाचतोय म्हटल्यावर लोक मला येडा म्हनत्याल. म्हनू देत. तिच्याकडं कोन बगत न्हाई ना." ते थांबले. "निम्मी अक्षरं आली व्हती. जोडाक्षरं ऱ्हायली."

"मग आता?"

"आता न्हाई. चष्म्यानं डोकं दुखतं म्हनती."

मी म्हटलं, "पिसाळ, मला वर येऊन त्यांची माफी मागू द्या."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागाने ठेवला असता तर बरं झालं असतं. "तिला वाटतंय, समद्यांना चष्म्याचं खरं वाटलं. तुमी माफी मागितली, तर तिला कळंल की तुमाला कळलं व्हतं. तेवढं करू नगा."

मी नाही केलं. रिक्षात बसताना वर पाहिलं. वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. चष्मा नाकावर सारखा करून त्यांनी हात हलवला.

आधी पिसाळ गेले, मग काही वर्षांनी वहिनी. आता कळलं तरी कुणाला लागणार नाही. त्यांच्या मुलाला विचारून, नावं बदलून लिहितो आहे. परवा आमच्या गणपतीत नव्या कमिटीतल्या एका गृहस्थांनी माईकवर जुना किस्सा सांगितला, भिंगवाले पिसाळ आणि त्यांच्या बायकोचं दंतमंजन. सगळे हसले. म्हातारा म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तो किस्सा असा नाही, एवढं सांगायचं होतं. ते पाण्यावरून भांडून गेले नाहीत. आणि त्या मांडवात खोटं वागणारी ती बाई नव्हती, मी होतो.

हल्ली मी सुनेबरोबर मोठ्या दुकानात जातो, जिथे सगळं आपल्या हाताने उचलायचं असतं. पुडा उलटा करतो आणि वाचतो. मैदा. साखर. पामतेल. सून लाजते, "बाबा, जरा हळू वाचा ना."

मी हळू वाचत नाही. शेजारी कोण उभं असेल, काय सांगावं.