पाठीवरची बाराखडी

सरोजिनीबाईंची पाठ शेजारच्या जयाला दहापैकी नऊ मार्क देत होती आणि नवऱ्याला, म्हणजे अच्युतसरांना, दोन. आठ दिवस सरांना जेवण गोड लागत नव्हतं.

कंबरदुखी तीन वर्षांची. पट्टे झाले, गोळ्या झाल्या, हिंगणघाटच्या मालिशवाल्याचं तेल झालं. शेवटी वर्ध्याच्या फिजिओथेरपिस्ट इला मॅडम म्हणाल्या, "दुखणं जुनं झालं की मेंदूतला पाठीचा नकाशा पुसट होतो. तो पुन्हा गिरवायचा. पेनाच्या बोथट टोकानं कंबरेवर रोज अक्षरं काढा. काकूंनी न बघता ओळखायची."

गिरवणं म्हटल्यावर सरांची छाती फुगली. आंजीच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी पोरांची अक्षरं वळणावर आणली होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी थाटात 'ज्ञ' काढला.

"जिलबी?" सरोजिनीबाईंनी पालथ्या पडूनच विचारलं.

"अक्षर सांग, अक्षर! ध्यान कुठी आहे तुयं?"

"ओरडता काऊन? मंग... क्ष?"

"चूक!"

दुसऱ्या दिवशी जया कोथिंबीर द्यायला आली आणि तिनं गंमत म्हणून पेन हातात घेतलं. जयाचं अक्षर असं, की तिची किराण्याची यादी दुकानदार फोन करून वाचून घेई. तरी नऊ बरोबर! इला मॅडमनी फोनवर सांगून टाकलं, "मग जयाताईंनाच करू द्या."

आता रोज पाचला आतून हसणं ऐकू यायचं आणि सर ओसरीवर कुढत बसायचे. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण आपल्या एका शब्दाला बायको एवढी खुलली नव्हती! गुरुवारी त्यांनी हाक मारली, "जया, तुयं दूध उतू चाललं वाट्टे!" जया धावली. गॅसवर दूधच नव्हतं. शुक्रवारी त्यांनी पेन लपवलं. जयानं चमच्याच्या दांड्यानं लिहिलं आणि दहापैकी दहा मिळवले.

शनिवारी जयाचा फोन वाजला. "वयनी, पडून राहा, आलीच," म्हणत ती अंगणात गेली. सर अनवाणी आत शिरले, चमचा उचलला आणि श्वास रोखून 'ळ' काढला.

"ळ," उत्तर लगेच आलं. पाठोपाठ, "जया, खरं सांगू? सराइचं अक्षर लय सुंदर आहे वं. पण ते 'चूक' म्हणून ओरडले का माही पाठच आखडते. मंग तोंडात येईन ते सांगून देते."

सरांचा हात थबकला. मग त्यांनी सावकाश चार अक्षरं काढली.

"मा... फ... क... र. तुले काऊन माफ करू वं?" बाईंनी मान वळवली. चमचा धरून सर उभे होते. मग सरोजिनीबाईंनी डोकं पुन्हा उशीवर टेकवलं.

"काढा पुढचं. पण मुकाट्यानं."

महिनाभरात सरोजिनीबाई खाली मांडी घालून जेवायला बसू लागल्या. "आता सरच करते," त्यांनी सांगितलं, तेव्हा जया तोंडभर हसली आणि घरी येऊन धुसफुसत उभी राहिली. तिचा नवरा बबनराव मोबाइलवर क्रिकेट पाहत लोळला होता.

"आयकलं का? माही बी कंबर दुखून राह्यली."

"बाम लावून घेजो."

"बाम नाई. पाठीवर अक्षर काढाचं. मी वळखते." ती पालथी पडलीसुद्धा.

बबनरावांनी नजर न हलवता एका बोटानं दोन अक्षरं ओढली. जयानं ती पहिल्या फटक्यात ओळखली.

"चहा," ती म्हणाली, आणि कंबर धरून स्वयंपाकघरात गेली.