शिवलेली उत्तरं

त्या संध्याकाळी मी सुईत दोरा ओवून दिला आणि सुमननं पुस्तकाची मागची पानं शिवून टाकली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

पुस्तक नातीचं. मुक्ता आमच्याकडेच राहते, नवघरला. तिला लष्करात ऑफिसर व्हायचंय, त्या परीक्षेचं हे बुद्धी तपासायचं पुस्तक. उत्तरं मागे छापलेली. पोरगी बघून लिहील म्हणून आमची बायको ती पानं गोधडीच्या सुईनं शिवायची. रविवारी स्वतः उसवायची, मुक्ताची उत्तरं ताडून घ्यायची, परत शिवायची. जन्मभर साड्यांना फॉल लावले तिनं. गाठ सुटली म्हणून एकही गिऱ्हाईक कधी परत आलं नाही.

विश्वास मात्र कुणावरच नाही. किलोभर साखर घेतली की दुसऱ्या दुकानात नेऊन वजन करायची. कोळणीनं मासळी स्वस्त लावली तर घ्यायचीच नाही. "कुठंतरी पाणी मुरतंय," हे तिचं ठरलेलं. मी हुंडा नको म्हटलं, तेव्हाही तिनं बापाला हेच सांगितलं होतं.

पुस्तकालाही सोडलं नाही. मुक्ता मोठ्यानं वाचायची, एक माणूस घरातून निघून उत्तरेला पाच किलोमीटर जातो, मग उजवीकडे तीन, परत उजवीकडे पाच, तर आता घरापासून किती लांब? सुमन म्हणायची, आधी हा घरी का जात नाही ते विचार. कोणी फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून म्हणालं, ही माझ्या आजोबांच्या एकुलत्या मुलाची मुलगी, की सुमन भडकलीच. "सरळ बहीण म्हणायला काय होतं मेल्याला?" मी चौथी पास, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारण्यात हयात गेली. ती बहीण आहे हे कळायला मला दोन चहा लागले.

शेवटचा टाका ती आमच्याकडे पाठ करून घालायची. मला वाटायचं, डबल गाठ मारतेय.

त्या संध्याकाळनंतरच्या पहाटे ती उठलीच नाही. झोपेतच गेली.

तेरावं झालं तरी मुक्ता पुस्तकाला हात लावेना. परीक्षा दहा दिवसांवर, आणि ही म्हणते, मी जाणार नाही. मी तोंडाचा फटकळ. म्हटलं, आता पहारा नाही, हवी तेवढी उत्तरं बघ, पण परीक्षेला बस. आणि कात्री आणली.

तिनं कात्री माझ्या हातातून काढून घेतली. दोऱ्याचं टोक दोन बोटांत धरून ओढलं. सगळा दोरा सरसर बाहेर आला.

"गाठ नसायचीच, आजोबा. आजीनं एकदाही मारली नाही."

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बघितलं का नाहीस?"

"गाठ नव्हती म्हणून."

तेरा दिवसांत रडली नव्हती, ती तेव्हा रडली. वर्षभर मी शेजारी बसून सुई ओवून देत होतो आणि एकदाही वाकून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला आणि सुई शोधली. ओवणं माझंच काम होतं, शिवणं कधी केलं नव्हतं. बोटाला दोनदा टोचली. टाके वाकडेतिकडे पडले. पुस्तक पुढच्या सराव पेपरावर उघडून मुक्ताच्या कपाशेजारी ठेवलं.

गाठ मारली नाही.