मधल्या खोलीचं पुनर्वसन

अर्थखात्यातून निवृत्त झालेल्या अण्णांच्या घरी दर रविवारी सकाळच्या चहाला कुटुंबाची बैठक भरे. ही पद्धत अण्णांनीच घालून दिली होती. प्रस्ताव मांडला जाई, हरकती मागवल्या जात, आणि कपबशा उचलेपर्यंत कोणी हरकत घेतली नाही तर सर्वांची संमती गृहीत धरली जाई. कपबशा आजवर अण्णांच्या इशाऱ्यावर उचलल्या जात. त्यामुळे घरात लोकशाही उत्तम चालली होती.

अण्णांनी खात्यात आयुष्यभर निवेदनं लिहिली. भाव वाढले की ते लिहीत, दरांचं सुसूत्रीकरण झालं. कारखाना बंद पडून माणसं रस्त्यावर आली की मनुष्यबळ मोकळं झालं. लोक ओरडायला लागले की चर्चेला चालना मिळाली. ही खोड घरीही सुटली नव्हती.

"कांदा महागलाय, निम्माच आणलाय," त्यांची बायको माई म्हणायच्या.

"महागला नाही, सुसूत्र झाला."

"मग आज भाजीही सुसूत्रच खा," असं म्हणून माई पातेल्यावर झाकण आपटायच्या. बैठकीच्या भानगडीत त्या कधी पडत नसत. सगळ्यांचा चहा झाला की स्वयंपाकघरात आपला कप घेऊन बसत.

त्या रविवारी मुलगा फारच अदबीनं बोलत होता. त्याला घरातच स्वतःचं ऑफिस थाटायचं होतं.

"अण्णा, सल्ला हवा होता. समजा, एखाद्या जागी जुनी माणसं राहताहेत आणि तिथं विकासाचं काम काढायचंय. त्यांना हलवायचं, तर काय म्हणायचं?"

अण्णांची कळी खुलली. निवृत्तीनंतर त्यांना असलं काही कोणी विचारलंच नव्हतं.

"हलवणं हा शब्दच काढायचा नाही. पुनर्वसन म्हण."

"नवी जागा अगदीच चिंचोळी असेल तर?"

"आटोपशीर."

"आणि उघड्यावर असेल तर?" सुनेनं विचारलं.

"हवेशीर!"

"दोघं एकत्र राहणारी असतील आणि त्यांना वेगवेगळं ठेवावं लागलं तर?" मुलानं विचारलं.

अण्णांनी डोळे मिटले. प्रश्न त्यांच्या तोडीचा होता. "विकेंद्रीकरण. आणि सुरुवातीला 'व्यापक हितासाठी' जोडायचं. मग पुढचं कोणी वाचत नाही."

"काय डोकं आहे हो तुमचं!" सून अगदी मनापासून म्हणाली.

मुलगा उठून उभा राहिला. "तर व्यापक हितासाठी मधल्या खोलीतल्या ज्येष्ठांचं आटोपशीर व हवेशीर जागी पुनर्वसन आणि विकेंद्रीकरण करावं, असा प्रस्ताव आहे. कोणाची हरकत?"

वाक्य फर्मास उतरलं होतं. फक्त 'ज्येष्ठांचं'च्या जागी 'ज्येष्ठ घटकांचं' हवं, एवढं अण्णांनी सुचवलं. सुनेनं दुरुस्ती मान्य केली आणि कपबशा उचलल्या.

दुपारी अण्णांची खाट गॅलरीत गेली आणि माईंची गादी कोठीच्या खोलीत, डब्यांच्या मांडणीखाली. खाट सरकल्याचा आवाज ऐकून माई ओल्या हातांनीच बाहेर आल्या.

"अहो, हे काय चाललंय?"

"पुनर्वसन," अण्णा कसेबसे म्हणाले.

"म्हणजे आपल्याला खोलीबाहेर काढलं. तेही वेगवेगळं."

त्या खोलीत दिवा मालवला की दोघं दिवसभराचं बोलत बसायची. भांडणंही तिथंच मिटायची, कारण अंधारात माई आधी हसायच्या. अण्णांना गलबलून आलं. ते तडक मुलाकडे गेले आणि आयुष्यात प्रथमच सरळ बोलले.

"अरे, आम्हाला असं तोडू नकोस. तिच्याशी बोलल्याशिवाय मला झोप लागत नाही. माझी हरकत आहे."

मुलानं त्यांचा हात हातात घेतला. "तुमच्या भावना पोचल्या, अण्णा. चर्चेला चालना मिळाली."

अण्णा गॅलरीत येऊन खाटेवर बसले. "जेवलीस का गं?" त्यांनी विचारलं. मध्ये दोन दारं होती.

प्रस्तुत निर्णयावर हरकत घेण्याची संधी वाचकांनाही देण्यात आली होती. प्रस्ताव वर शब्दशः दिलेला आहे. या ओळीपर्यंत एकही हरकत आलेली नाही; उलट काही ठिकाणी आपण हसल्याचं दिसून आलं आहे. सबब आपलीही संमती गृहीत धरून कपबशा उचलण्यात येत आहेत.