निंगोजी हेळव्यांची दौलत एके जागी बसली, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामी साह्य. सांगणारास नाव न विसरो, ऐकणारास पाय न दुखोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास, ते साली निंगोजी हेळवी यांचे दौलतीवर संकट काय गुदरले आणि कैसे निवारले, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे.

दौलत कैसी म्हणाल, तर तीस किल्ला नाही, कोट नाही, हद्दीचा धोंडा नाही. एक गाडी, दोन बैल, एक पाल आणि लाल फडक्यात बांधिलेल्या अकरा चोपड्या, इतकीच दौलत. परंतु त्या चोपड्यांत त्रेसष्ट गावांची चारशे बारा घराणी नांदत होती. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ राखणारे. सुगी जाहली की गाडी जुंपावी आणि गावोगाव फिरावे, आणि सकाळचे पारी घराण्याचे दारी उभे राहून मूळपुरुषापासून काल जन्मलेल्या पोरापर्यंत सारी नावे वाचावी, नवी नावे चोपडीत चढवावी, मग घरधन्याने धान्य द्यावे, लुगडे द्यावे, ऐसा सात पिढ्यांचा रिवाज. त्यात कायदा एक कडक होता. तीन वर्षे ज्या घराण्याचे वाचन चुकले, ते घराणे हातचे गेले. दुसरा हेळवी येऊन ते घेईल, त्यास कोणी ना म्हणू नये.

ऐसे असता निंगोजींचे कुटुंब मायाक्काबाई यांचे गुडघे बसले. चाळीस वर्षे गाडीत हादरे खाल्ले आणि चढ आला की उतरून गाडीमागे चालल्या, त्याची ही वसुली. तालुक्याचे डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो उजेडास धरून फर्मान काढिले की, ‘गाडी बंद. एका जागी राहायचं.’ निंगोजी बोलिले, ‘एका जागी म्हंजे किती दिवस?’ डॉक्टर बोलिले, ‘कायमचं.’ हे ऐकोन निंगोजींचे तोंडचे पाणी पळाले. बाईंस टाकून फिरावे तर पालात त्यांस पाणी कोण देईल, आणि न फिरावे तर तीन वर्षांत चारशे बारा घराणी जातात आणि सात पिढ्यांची दौलत आपले हाते बुडते, ऐसा पेच पडला, आणि दोन दिवस स्वारी बैलांपाशी बसोन राहिली, जेवली नाही.

तेव्हा कन्या तुंगा पुढे जाहली. तुंगा मावशीचे घरी राहून बारावी शिकलेली, बोलावयास फटकळ, हाती फोन. ती बोलिली, ‘आप्पा, गाडी सोड. फोनवर वाच.’ निंगोजी बोलिले, ‘आन जोंधळं काय फोनमधनं वतत्यात व्हय?’ ‘वतत्यात. आकडे दाबले की वतत्यात.’ ‘आन दार? हेळव्यानं दारात उभं राहायचं असतंय, तुला ठावं न्हाई?’ ‘दार त्यांच्या हातातच असतंय. उघडलं तर वाचायचं, न्हाई उघडलं तर फुडच्या घरी.’ मग पालातून मायाक्काबाई गर्जल्या की, ‘करू द्या की तिला! न्हाईतर मला गाठोड्यागत गाडीला बांधून न्या, आन वाटंत कुठंतरी सोडा.’ ह्यावर मसलत ठरली.

मग बाजाराचे गावी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बैल सांभाळावयास म्हणोन निंगोजी ते मेव्हण्याचे गावी घेऊन गेले आणि चार दिवस तिकडेच राहिले, कारण बैल त्यांस सोडीनात आणि ते बैलांस सोडीनात. त्या चार दिवसांत तुंगाने चोपड्यांची पाने एकेक करून फोनात उतरविली. कित्येक पानांचे कोपरे दुमडलेले होते, त्याने फोटो साफ येईना, मग तिने ती पाने सरळ केली आणि पाट्याखाली दाबून सपाट केली. काम इतके सुबक जाहले की निंगोजी परत आले ते समयी चोपड्या नव्या कोऱ्या दिसल्या. ते उघडून पाहतील तर खरे, परंतु त्यांस सारे पाठ; चोपडी हाती असावी, इतकेच त्यांस लागे. म्हणोन उघडून पाहिले नाही. पुढील सारे त्या न पाहण्यात होते.

पहिले महिन्यात तीन घराणी आली. जोंधळ्याचे डब्यावर फोन उभा केला, निंगोजींनी पागोटे बांधिले, धोतर नेसले. तुंगा बोलिली, ‘आप्पा, धोतर दिसत न्हाई त्यात.’ निंगोजी बोलिले, ‘मला दिसतंय.’ आणि वाचू लागले. तो काय चमत्कार! दारी उभे असता ऐकावयास म्हातारा आणि दोन सुना असावयाच्या, येथे पुण्याचा लेक आला, मस्कतचा नातू आला, सासरी गेलेल्या लेकीही आल्या, ज्यांचे नाव चोपडीत होते परंतु ज्यांनी ते कधी ऐकले नव्हते. आपले नाव आले की एकेक चौकोनात हात वर होई, आणि नवी नावे चोपडीत तुंगाच चढवी. मग बोभाटा जाहला, एका घराण्याने दुसऱ्यास सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्यास, आणि तीन महिन्यांत शंभरावर घराणी वाचून जाहली. मस्कतचा तो नातू एके दिवशी बोलिला, ‘बाबा, तुमचं बरं आहे बघा. कुठंही बसून काम करता. आम्हाला हापिसात जावंच लागतं.’ निंगोजी बोलिले, ‘लेकरा, सात पिढ्या आम्ही कुठंही बसूनच काम केलं. झाडाखाली, वढ्याकाठी, मसनवट्यात सुद्धा. एका जागी बसून करायची पाळी आत्ता आली, आन लई ग्वाड लागतीया.’ ऐसा दौलतीचा विस्तार जाहला आणि मायाक्काबाई भिंतीस पाठ लावून बसू लागल्या. पाठीशी भिंत त्यांस नवीन, म्हणोन अधूनमधून हात मागे नेऊन चाचपून पाहत.

पुढे माघ मासी मांगलेकरांचे वाचन ठरले. मांगलेकर म्हणजे नदीकाठचे थोर घराणे, घरधनी आबासाहेब, वय ऐंशी. पणतूचे बारसे म्हणोन सदतीस चौकोन भरले. ते दिवशीच बाईंस तालुक्यास डॉक्टरांकडे नेणे पडले. निंगोजी बोलिले, ‘तुंगे, तू वाच. अक्षर तुला माझ्याहून बरं लागतंय.’ आणि गेले. तुंगाने वाचन आरंभिले, आणि जे जे लिहिले ते ते वाचले: ‘रायाजीराव मांगलेकर, त्यांची लग्नाची बायको गोदूबाई, तिचे पोटी आबासाहेब. रायाजीरावांची दुसरी, पाटाची बायको लगमाबाई, तिचे पोटी शिदोजी...’ इतके होते तोच आबासाहेबांचा चौकोन काळा जाहला. मग दुसरा काळा जाहला, मग तिसरा, आणि बारसे मोडले.

निंगोजी परतोन आले तो तुंगा चुलीपुढे रडत बसलेली. त्यांनी चोपडी उघडली आणि सपाट कोपऱ्यावर बोट ठेविले. ‘हा कोपरा कुठं गेला?’ ‘सरळ केला. फोटोत येत न्हवता.’ ‘आगं, दुमडलेलं पान म्हंजे माणसं बघून वाचायचं! ओसरीवर कोण बसलंय ते बघायचं, मग वाचायचं का गिळायचं ते ठरवायचं. लगमाबाईला आन तिच्या पोराला भाऊबंदांनी घराबाहेर काढलं, रायाजी मेल्याच्या तेराव्या दिवशी. माझ्या बानं ते पान दुमडलं, आन अडुसष्ट वर्षं त्या दारात त्ये नाव कुणी घेतलं न्हाई.’ तुंगा डोळे पुसोन बोलिली, ‘मग मला सांगितलं का न्हाईस?’ ‘माझ्या बानं मला मरताना सांगितलं. मी बी तवाच सांगणार हुतो.’ ‘म्हंजे तू मरस्तवर मी चुकतच राहायचं व्हय?’

बातमी वाऱ्याने गेली. हेळव्याची पोरगी नको ते वाचते, ऐसा बोलवा जाहला, आणि आठ दिवसांत चाळीस घराण्यांनी निरोप धाडिले की, ‘आमचं वाचन राहू द्या.’ कोणी नम्रपणे धाडिला, कोणी नुसतेच नाव काढून टाकिले. एकाने तर विचारिले की, ‘आमच्यात बी असलं काही हाय का? असलं तर सांगू नका.’ निंगोजी चोपड्या पुढे घेऊन बसले आणि एकेक घराणे गेले म्हणोन बोटे मिटू लागले, आणि ऐसेच चालले तर चैत्रापर्यंत दौलत बुडाली हे त्यांस साफ दिसले. मायाक्काबाईंनी पालाची ताडपत्री काढिली आणि घड्या घालू लागल्या. निंगोजी बोलिले, ‘हे काय?’ बाई बोलिल्या, ‘बैलं आणा. दात खाऊन बसंन मी.’ तो निंगोजींनी ताडपत्री त्यांचे हातून काढून घेतली. ते उठले, मांगलेकरांची चोपडी काखेस मारिली आणि बोलिले, ‘चुकलं त्या दारातच जातो. मारलं तर मार खातो.’ आणि एसटीने कूच केले.

सारा रस्ता काय बोलावे ते जुळवीत गेले. मांगलेकरांचे ओसरीवर आबासाहेब बसले होते, आणि शेजारी आणखी एक म्हातारा, हातावर सुताचे व्रण, टोपी गुडघ्यावर ठेवून, परक्याचे घरी बसावे तैसा कडेस बसलेला. निंगोजींनी मुजरा केला आणि एका दमात बोलिले, ‘आबा, चूक झाली. पोरगी नवी हाय. घराणं सोड म्हणाला तर सोडतो, पण तिला बोल लावू नका. आईचं गुडघं गेल्यात, तेवढ्यासाठी केलं तिनं.’ आबासाहेब बोलिले, ‘झालं? आता पाणी पी.’ पाणी प्याले. मग आबासाहेब शेजारच्या म्हाताऱ्याकडे बोट करून बोलिले, ‘ह्याला वळखतोस?’ ‘न्हाई, आबा.’ ‘तुझ्या चोपडीत हाय की. शिदू. माझा भाऊ.’

निंगोजींनी तांब्या खाली ठेविला. आबासाहेब बोलिले, ‘त्या सदतिसात आमची नातसून हुती. तिचं म्हायार इचलकरंजीचं. तिनं नाव ऐकलं आन दुसऱ्या दिशी फोन केला, म्हणाली, आबा, शिदोजी मांगलेकर आमच्या गल्लीत राहत्यात, मागावर काम करीत हुते. चौथ्या दिशी मी गाडी काढून गेलो.’ निंगोजी चाचरत बोलिले, ‘पण तुम्ही तर फोन बंद केला...’ ‘घसा बंद झाला, म्हणून फोन बंद केला. मला राग आला असं वाटून बाकीच्यांनी बी केला. येडी हायत सगळी.’ मग बोलिले, ‘मी बारा वर्षांचा हुतो, हा सहाचा. लगमाआईनं पितळंची घागर डोक्यावर घेतली, ह्याचा हात धरला, आन ह्या पायऱ्या उतरल्या. मी खांबाआड उभा हुतो. पुढं कुणाला विचारायची सोय न्हवती. तू दर साली यायचास, मला वाटायचं आज वाचंल. एका साली तर मी मुद्दाम परड्यात जाऊन उभा राहिलो, म्हटलं मी दिसलो न्हाई तर वाचंल. तू ओसरीवर चुलता बघितलास आन गिळलंस. पुढं चुलता मेला, तरी तुझी सवय मोडंना आन माझं त्वांड उघडंना.’ निंगोजी बोलिले, ‘ते माझं काम हुतं, आबा.’ ‘व्हय. लई चोख केलंस,’ आबासाहेब बोलिले, आणि हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. ‘आता वाच. काही गिळू नगंस.’

मग आबासाहेबांचे हुकुमाने फोन लागला, तुंगाने सदतीस चौकोन पुनः जमविले, आणि निंगोजी दारीही उभे राहिले आणि फोनातही उभे राहिले. मूळपुरुषापासून आरंभ करून वाचत वाचत रायाजीरावांपाशी आले, आणि ज्या ठिकाणी चाळीस वर्षे श्वास घेण्याचे निमित्त करून पुढे जात, तेथे न थांबता वाचिले. शिदोजी तोवर मान खाली घालून होते, ते बोलिले, ‘बाबा, माझ्या आईचं नाव परत एकदा घ्या.’ निंगोजींनी ‘लगमाबाई’ म्हणोन मोठ्याने वाचिले. शिदोजींनी टोपी उचलिली आणि डोक्यावर घातली, आणि कडेस बसले होते ते सरकोन भिंतीस टेकून बसले. मग त्यांच्या दोघी लेकी, एक लेक आणि पाच नातवंडे चोपडीत चढविली, आणि बारसे ते दिवशी पुरे जाहले.

परतताना निंगोजी एसटीत बसले आणि जे निजले ते आपले गाव मागे टाकून दोन थांबे पुढे गेले, आणि तेथून माघारी पायी चालत, आपल्याशीच हसत घरी आले. मग आबासाहेबांनी आपणहून भाऊबंदांस आणि गावोगावच्या घराण्यांस निरोप धाडिले, आणि चाळिसांपैकी बत्तीस घराणी माघारी आली. आठ आली नाहीत, त्यांचे मर्जीस इलाज नाही. निंगोजींनी तुंगास समोर बसवून अकरा चोपड्यांतील कोणते पान कोणासाठी दुमडिले होते ते तीन दिवस सांगितले, जिवंतपणी आणि शुद्धीवर असता. तेव्हापासोन तुंगा वाचनाआधी घरच्या वडीलधाऱ्यास एकट्यास फोन करिते आणि पुसते की, काय वाचू आणि काय राहू देऊ. बहुतेक जण म्हणतात, वाच.

येणेप्रमाणे चारशे चार घराणी राखली गेली आणि दौलत एके जागी बसली. ताडपत्रीची मोरीवर सावली केली. मायाक्काबाईंनी आयुष्यात वाटेकडेने बहुत बिया टाकिल्या, परंतु उगवण्याआधी मुक्काम हाले. त्या साली त्यांनी दारापुढे घेवडा लाविला, तो उगवला, वेल चढला, शेंगा धरिल्या, आणि त्या शेंगांची भाजी त्यांनीच केली. निंगोजींनी दोन वेळा मागून घेतली. इति हकीकत पुरी जाहली. ज्याचे नाव राहिले असेल त्याने कळवावे, चढवून घेऊ.